गुण नाही

आबासाहेब इंगवल्यांनी पांढरी प्लास्टिकची बाटली रेडेकर सरांच्या मांडीवर ठेवली. बाटलीच्या लेबलावर कातळवेलीचं पान होतं आणि पानाखाली सरांचा फोटो, कोट घातलेला, दहा वर्षांपूर्वीचा. सरांना आता मान वाकवता येत नव्हती, म्हणून काकूंनी बाटली उचलून त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. सरांनी सगळं लेबल वाचलं, अगदी तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत. मग त्यांच्या तोंडून घोगरे, नाकातले चार-पाच आवाज बाहेर पडले.

"काय म्हणाले सर?" आबासाहेबांनी मला विचारलं.

सर म्हणाले होते, "याला घराबाहेर काढ."

मी म्हणाले, "विचार करून सांगतो म्हणतायत."

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाटली टेबलावर ठेवून दिली. सरांचं बोलणं कळणारी माणसं तेव्हा दोनच उरली होती, त्या आणि मी. त्यामुळे मी काय केलं ते त्यांच्यापासून लपलं नव्हतं. त्या चहा करायला आत गेल्या.

आबासाहेब आमच्या कॉलेजच्या संस्थेचे अध्यक्ष. आठ दिवसांवर शिक्षकदिन होता. त्या दिवशी सरांचा सत्कार आणि त्याच कार्यक्रमात कातळवेलीच्या चूर्णाचं उद्घाटन, असा त्यांचा बेत होता. सरांनी फक्त व्यासपीठावर बसायचं. "दोन शब्द बोलले तर सोन्याहून पिवळं," आबासाहेब म्हणाले. "काय बोलले ते," माझ्याकडे बोट करत, "धुमाळ मॅडम सांगतील लोकांना. गुण येतोय, एवढंच." निघताना पायात चप्पल सरकवत त्यांनी मला असंही सांगितलं, की माझ्या कायम नेमणुकीचा विषय याच महिन्याच्या बैठकीत घेतलाय. धमकी वगैरे नव्हती त्यात. ते खरोखरच आनंदानं सांगत होते.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

मी त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. एम.एस्सी. झालेली, सहा वर्षं हंगामी. रेडेकर सर वनस्पतिशास्त्राचे. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्याच्या टोकाला, घाटमाथ्यावर. गावाच्या पश्चिमेला जांभ्या दगडाचा मोठा सडा आहे, मैलभर सपाट, पावसाळ्यात फुलांनी भरणारा आणि उन्हाळ्यात तव्यासारखा तापणारा. त्या सड्याच्या भेगांमधून कातळवेल उगवते. गुरं तिला तोंड लावत नाहीत. सर मात्र तीस वर्षं तिच्या मागे होते. तिच्या मुळांत एक पांढरं, स्फटिकासारखं द्रव्य सापडतं. ते वेगळं कसं काढायचं हे सरांनी आणि मी दोन वर्षं खटपट करून बसवलं. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेनं ते उंदरांना देऊन बघितलं. मोटर न्यूरॉनचा आजार जडवलेले उंदीर होते ते. हा आजार फार वाईट. मेंदूतून आणि पाठीच्या कण्यातून स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. डोकं शाबूत राहतं, ऐकू येतं, सगळं कळतं. हात जातात, पाय जातात, जीभ जाते आणि शेवटी श्वास. आमचं द्रव्य दिलेले उंदीर इतर उंदरांपेक्षा अकरा दिवस जास्त चालले. उंदराच्या आयुष्यात अकरा दिवस म्हणजे बरेच. पेपरात बातमी आली, गावानं सरांची मिरवणूक काढली, आणि सर प्रत्येकाला सांगत राहिले, की बाबांनो, उंदीर बरे झालेले नाहीत, फक्त सावकाश मेलेत.

दीड वर्षानं सरांच्या उजव्या अंगठ्यातला जोर गेला. नमुने तोडायची कात्री दाबता येईना. सरांनी माझ्यासमोर अंगठ्याच्या बुडाशी बोट लावलं. तिथलं मांस बसून खळगा पडला होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी नाव सांगण्याआधीच सरांना ते कळलं होतं. परत येताना एसटीत ते मला म्हणाले, "हेमलता, आता माझ्याइतका या विषयाचा अभ्यास असलेला पेशंट महाराष्ट्रात नसेल."

गावात लोक म्हणायचे, देवानं सरांना औषध आधी दिलं आणि रोग मागाहून. लोक धरूनच चालले, की सर ते औषध घेत असणार.

आणि सर घेत होते. हे फक्त तिघांना माहीत होतं.

सरांचे दोन्ही हात दिवाळीपर्यंत पार गेले. माघात त्यांनी मला बोलावून घेतलं. तेव्हा त्यांचं बोलणं जड झालं होतं, पण कुणालाही कळेल असं होतं. ते म्हणाले, मुळं परसात वाळत टाकलेली आहेत, मला तीन महिन्यांचं द्रव्य काढून दे. मी नाही म्हणाले. माणसाला किती द्यायचं, दिलं तर काय होईल, हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. परवानगी नव्हती. तसं करणं हा गुन्हाच होता. सरांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच सांगितलं: "मी मरणार आहे, हे ठरलंय. नुसतं मरायचं की काहीतरी मोजून मरायचं, एवढंच माझ्या हातात आहे. आणि हात तर तुझे लागणार."

मी तीन आठवडे त्यांच्या घराकडे फिरकले नाही. चौथ्या रविवारी प्रयोगशाळेची किल्ली घेतली.

मुळांची पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, आटवायची, काचेच्या उभ्या नळीतून थेंबाथेंबानं वेगळी करायची. दोन किलो मुळांतून नखाएवढी पांढरी पूड निघे. मी ती तोलून कॅप्सूलमध्ये भरायची, काकू सकाळी सरांना द्यायच्या. दर रविवारी आम्ही तीन गोष्टी मोजायचो. एका श्वासात सर कितीपर्यंत आकडे म्हणतात, पेलाभर पाणी प्यायला किती सेकंद लागतात, आणि उजवा पाय खुर्चीवरून किती वेळ उचलून धरता येतो. मी ते वहीत मांडायची. फेब्रुवारीत सर एका श्वासात एकोणीसपर्यंत पोचत. जूनमध्ये बारा. जुलैत आठ. औषध सुरू करण्याआधी ज्या वेगानं सर उतरत होते, त्याच वेगानं नंतरही उतरत राहिले. मी पहिल्या महिन्यात म्हणत होते, की थोडं थांबू. दुसऱ्यात म्हणत होते, डोस वाढवू. सर फक्त आकडे वाचून दाखवायला लावत.

जुलैच्या शेवटी काकूंनी मला सरांचे डोळे दाखवले. पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे चौपट. त्याच दिवशी आम्ही कॅप्सूल बंद केल्या. पुढे पाच आठवड्यांत डोळे निवळले, पण तोवर सरांची वाचा गेली होती. रविवारी रविवारी समोर बसून ऐकलेलं असल्यामुळे मला त्यांचं तुटकं बोलणं कळायचं. ओठ न मिळाल्यामुळे प-ब-म गेलेले, जिभेमुळे ट-ड-र गेलेले. एक शब्द मात्र त्यांना शेवटपर्यंत स्वच्छ म्हणता आला. तो म्हणजे "नाही."

आबासाहेबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते वाईट माणूस नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. घाटमाथ्यावरच्या मुलींना शिकायला खाली उतरावं लागू नये म्हणून त्यांनी स्वतःची जमीन देऊन कॉलेज उभं केलं होतं. चूर्णाच्या शेडमध्ये तीस बायका कामाला लावल्या होत्या. गुडघ्यांसाठी ते स्वतःही ते चूर्ण घ्यायचे. त्यात अख्खी मुळं दळलेली असत. म्हणजे आमचं द्रव्य होतंच, आणि शिवाय आणखी वीस-पंचवीस गोष्टी, ज्यांच्याबद्दल आम्हालाही काही ठाऊक नव्हतं. उद्घाटन व्हायचं होतं, पण बाटल्या आधीच बाहेर पडल्या होत्या.

त्या दिवशी आबासाहेब गेल्यावर सरांनी मला समोर उभं केलं.

"मी काय बोललो होतो?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, की सर, बैठक याच महिन्यात आहे. सहा वर्षं मी वाट बघतेय. त्यांनी माझ्यावरची नजर काढून भिंतीकडे नेली. मान वळवता न येणाऱ्या माणसानं नजर वळवली, की ती फार लांब गेल्यासारखी वाटते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सरांच्या दारात एक जीप थांबली. विट्याहून पती-पत्नी आले होते. तो चाळिशीचा, यंत्रमागावर काम केलेला, आता बायकोच्या खांद्यावर सगळा भार टाकून उभा. तिचं नाव शेवंता. तिनं नवऱ्याला ओट्यावर बसवलं, पदरानं त्याच्या तोंडाची लाळ पुसली आणि पिशवीतून बाटली काढली. तिसरी बाटली होती ती. बाटलीवरचा फोटो बघून ती सरांच्या पाया पडायला आली होती.

"सर, तुमास्नी किती दिसांत गुण आला?" तिनं विचारलं. "डाक्टरच्या गोळ्या आमी बंद केल्यात. दोन दोन औषधं नगं म्हनून."

मी तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघत होते. सरही बघत होते. तो हळदीचा रंग आम्हा दोघांना पाठ होता.

"नाही," सर म्हणाले. तो शब्द तिलाही कळला. "नाही. नाही."

मी तिला सगळं समजावून सांगितलं. हे बंद करा, आजच्या आज डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा, जुन्या गोळ्या सुरू करा. ती ऐकत होती, पण तिची नजर माझ्यावरून बाटलीवर आणि बाटलीवरून सरांवर फिरत होती. शेवटी ती म्हणाली, "मंग ह्यावर फोटू कशाला छापला?" तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं.

काकूंनी कोल्हापूरच्या डॉक्टरांना फोन लावला आणि जीप तिकडेच वळवायला लावली. जीप गेल्यावर सरांनी मला जवळ बोलावलं. त्यांना श्वास पुरत नव्हता, म्हणून दोन-दोन शब्दांवर थांबत होते.

"आबासाहेबांना सांग. कार्यक्रमाला येतो."

मग सर तयारीला लागले. पुढचे चार दिवस ते दुपारभर डोळे मिटून बसायचे आणि ओठ हलवायचे. जे शब्द जमत नव्हते ते टाकून दुसरे शोधत होते. 'अपाय' म्हणता येईना, म्हणून त्यांनी 'यकृत' धरलं. तेही धड येईना, पण मला कळत होतं. वाक्यं मात्र त्यांनी माझ्यासमोर कधी म्हटली नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "तिथे ऐक. मी बोलेन ते सांग. कमी नाही. जास्त नाही."

ते काय बोलणार, हे कळायला मला फार अक्कल लागत नव्हती. चूर्ण घेऊ नका म्हणणार. मग लोक विचारणार, तुम्हाला कसं ठाऊक? आणि मग ते खरं सांगणार. खऱ्यात मी होते. प्रयोगशाळेची किल्ली, रविवार, कॅप्सूल, पिवळे डोळे. कायम नेमणूक सोडाच, पोलीसही आले असते. मी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं आणि विचारलं, की त्या दिवशी तुम्ही बोलाल का व्यासपीठावर? मला ताप आला म्हणून सांगते.

काकू सरांसाठी भाताची पेज गाळत होत्या. गाळणं खाली ठेवून त्या म्हणाल्या, "मी बोलेन की. पण मला रडू येईल, हेमा. आणि रडणाऱ्या बाईचं कोण ऐकतं? म्हणतील, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही." आणि पेज पुन्हा गाळायला घेत, "तू नाही आलीस तरी ते जाणार आहेत. एकटे जाऊन बोलतील. लोकांना वाटेल, आभार मानतायत."

मी गेले.

शिक्षकदिनाला सभागृह भरलं होतं. मुलं, पालक, शेडमधल्या तीसही बायका नव्या साड्या नेसून, आणि पहिल्या दोन रांगांत आजूबाजूच्या तालुक्यांतून आलेले रुग्ण. काही चाकांच्या खुर्चीत, काही नातेवाइकांच्या आधारानं. व्यासपीठावर टेबल, टेबलावर बाटल्यांचा मनोरा. चौघांनी सरांना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. आबासाहेबांनी त्यांना शाल पांघरली, नारळ काकूंच्या हातात दिला आणि भाषण केलं. चांगलं बोलले ते. या मातीनं जगाला औषध दिलं, म्हणाले. आपल्या सरांनी ते शोधलं आणि नियतीनं त्यांचीच परीक्षा घेतली, आणि आज ते आपल्यासमोर बसलेत, याहून मोठा पुरावा कोणता? टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतला एक म्हातारा टाळी वाजवता येत नव्हती म्हणून पाय आपटत होता.

मग माइक सरांच्या तोंडाशी धरला गेला आणि आबासाहेबांनी मला खूण केली.

सरांनी श्वास घेतला. पहिले आवाज माइकमधून सभागृहभर घुमले तेव्हा मुलांच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी सरांच्या शेजारी उभी राहून सांगत गेले.

"मी हे औषध घेतलं," मी म्हणाले. "पाच महिने."

पुन्हा टाळ्या. आबासाहेबांनीही वाजवल्या. सर टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग पुढचे दोन शब्द बोलले. ते मला इतके स्पष्ट ऐकू आले, की लोकांनाही कळले असतील असं वाटलं. कुणालाच कळले नव्हते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

अजूनही सोय होती. मी 'गुण आहे' म्हटलं असतं तर कुणी मला अडवणार नव्हतं. सर ओरडले असते, तरी लोकांना ते आनंदानंच ओरडतायत असं वाटलं असतं. आबासाहेब माझ्याकडे बघून हलकेच मान डोलवत होते, लहान मुलाला कवितेची आठवण करून द्यावी तशी.

"गुण नाही," मी म्हणाले.

सरांनी पुढचं बोलायला घेतलं होतं.

"यकृत बिघडलं. घेऊ नका. ज्यांनी घेतलंय, त्यांनी रक्त तपासा."

आबासाहेब उठले आणि माइकवर हात ठेवला. सर दमलेत, म्हणाले, आता आपण— पण सर थांबले नव्हते. माइक गेला तरी त्यांना फरक पडत नव्हता, त्यांचं बोलणं माझ्यासाठी होतं. मी व्यासपीठाच्या कडेला जाऊन उभी राहिले. प्रॅक्टिकलला शेवटच्या टेबलापर्यंत आवाज पोचवायची सवय होतीच.

"सर म्हणतायत," मी मोठ्यानं सांगितलं, "द्रव्य मी स्वतः काढलं. स्वतः घेतलं. दुसऱ्या कुणाचा यात संबंध नाही."

तेव्हा कुठे मला कळलं, की चार दिवस ते कशाचे शब्द जुळवत होते. चूर्णाबद्दल बोलायला त्यांना चार दिवस नको होते. मला यातून बाहेर ठेवील असं खोटं ते शोधत होते, आणि तेही माझ्याच तोंडून वदवून घेणार होते. आयुष्यात त्या माणसानं वर्गात, वहीत, कुठेही चुकीची नोंद चालू दिली नव्हती. मुलांची पूर्ण वर्षाची जर्नलं एका खोट्या आकड्यासाठी परत केली होती.

मी मागे वळून बघितलं. सर माझ्याकडे बघत होते आणि डोळ्यांनीच सांगत होते, बस, संपलं, खाली उतर.

"सर म्हणाले ते मी सांगितलं," मी म्हणाले. "कमी केलं नाही. पण शेवटचं वाक्य खोटं आहे. सरांचे दोन्ही हात दिवाळीलाच गेले. त्यांना चमचा उचलता येत नाही, ते द्रव्य कसलं काढणार? ते मी काढलं. याच कॉलेजच्या प्रयोगशाळेत, दर रविवारी. मी, हेमलता धुमाळ. परवानगी नसताना. सरांना कावीळ झाली ती मी दिलेल्या कॅप्सूलनं. दर आठवड्याचा आकडा माझ्याकडे लिहिलेला आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी घरी या, आणि येण्याआधी रक्त तपासून या."

सरांच्या घशातून मोठा आवाज निघाला. या आजारात हसणं-रडणं माणसाच्या ताब्यात राहत नाही. सुरू झालं, की थांबत नाही. सर हसतायत की रडतायत की माझ्यावर ओरडतायत, कुणालाच कळेना. शाल खांद्यावरून घसरली. काकूंनी नारळ खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं छातीशी धरून उभ्या राहिल्या. त्या रडल्या नाहीत. समोर बघत राहिल्या, कोण काय बोलतंय ते बघूच, अशा.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्याच्या सुनेनं उठून व्यासपीठाजवळ येऊन विचारलं, रक्ताची तपासणी कुठली करायची, नाव काय तिचं. मी नाव सांगितलं. तिच्या मागे दुसरी आली. मग रांगच लागली. शेडमधली एक बाई मात्र जाता जाता म्हणाली, "आमच्या तीस चुली विझवल्यास, मॅडम."

दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेची किल्ली परत करायला सांगण्यात आलं. आबासाहेब स्वतः आले नाहीत. चौकशी झाली, माझ्यावर ठपका आला. तो बरोबरच होता. पोलिसांपर्यंत काही गेलं नाही. बाटल्यांवरचा सरांचा फोटो निघाला, चूर्ण वर्षभरात बंद पडलं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणीतरी, दुसऱ्याच नावानं पुन्हा सुरू केलं. शेवंताच्या नवऱ्याची कावीळ उतरली. तो पुढे तीन वर्षं जगला, असं तिनं मला पत्रानं कळवलं. ती तीन वर्षं बरी गेली असं मात्र तिनं लिहिलं नव्हतं.

सर माझ्याशी नऊ दिवस बोलले नाहीत. मी रोज जायची, काकूंना मदत करायची आणि यायची. सर भिंतीकडे बघत असत. दहाव्या दिवशी काकू म्हणाल्या, वही घेऊन आत जा, बोलावलंय.

त्यांना आमच्या पाच महिन्यांचा वृत्तांत लिहायचा होता. एक पान, पुण्याच्या संस्थेला आणि तिथून एखाद्या नियतकालिकाला पाठवण्यासाठी. उंदरांवरचं यश सगळ्यांनी छापलं होतं, माणसावरचं अपयश कुणी तरी छापायला हवं, असं त्यांचं म्हणणं. एका पानाला आम्हाला सतरा दिवस लागले. सर एक शब्द बोलायचे, मी लिहून वाचून दाखवायची, चुकलं असेल तर ते डोळे मिटायचे. डोस, आकडे, यकृत, निष्कर्ष. निष्कर्षाला त्यांनी तेच दोन शब्द दिले.

शेवटी नावं घालायची वेळ आली. सरांनी आधी माझं सांगितलं, मग स्वतःचं.

"सर, तुमचं नाव आधी," मी म्हणाले. "संशोधन तुमचं आहे."

सर बराच वेळ श्वास गोळा करत राहिले.

"संशोधक तू," ते म्हणाले. "मी उंदीर."

आणि तो न थांबणारा आवाज पुन्हा सुरू झाला. या वेळी कुणाला विचारायची गरज नव्हती. काकू धावत आल्या, आम्हा दोघांकडे बघितलं आणि त्याही दारात उभ्या राहून हसायला लागल्या.

सर मार्चमध्ये गेले. आमचं पान त्यानंतर पाच महिन्यांनी छापून आलं. एकाच रुग्णाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, असं खाली संपादकांनी लिहिलं होतं. ते बरोबरच होतं.

मी पुण्याला आले. औषधांची शुद्धता तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली, अजून तीच करते. कातळवेलीच्या द्रव्यात बदल करून यकृताचा त्रास कमी करण्यात संशोधकांच्या एका गटाला यश आलं, आणि मागच्या वर्षी त्यांनी रीतसर परवानग्या घेऊन रुग्णांवर चाचणी सुरू करायचं ठरवलं. दर पंधरा दिवसांनी यकृताची तपासणी त्यांनी ठेवली आहे, आमच्या पानाचा हवाला देऊन. द्रव्याचा उपयोग होतो की नाही, ते मला माहीत नाही. कुणालाच अजून माहीत नाही.

रुग्णांनी सही करायच्या मराठी संमतिपत्राचा मसुदा त्यांनी नजरेखालून घालायला माझ्याकडे पाठवला होता. मी त्यात एकच वाक्य घातलं: 'या औषधाने गुण येईल असे आज कुणीही सांगू शकत नाही, आणि इजा होऊ शकते.' चार दिवसांनी त्यांच्या समन्वयक बाईंचा फोन आला. बोलायला फार चांगल्या होत्या. वाक्य खरं आहे हे त्यांना मान्य होतं. पण रुग्ण घाबरतील, नातेवाईक सही करणार नाहीत, तर ते थोडं मवाळ करता येईल का, असं त्या विचारत होत्या.

मी नाही म्हणाले.

मग त्या म्हणाल्या, निदान शेवटचे तीन शब्द तरी?

"नाही," मी म्हणाले.

संमतिपत्र त्या वाक्यासह जसंच्या तसं छापलं गेलं. पहिल्या महिन्यात बेचाळीस जणांनी ते वाचलं. एकतीस जणांनी सही केली.